पुस्तिका सरकारची, हक्क नागरिकाचा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात नागरिक-स्वातंत्र्याच्या एखाद्या प्रश्नावर बोलावे असे संयोजकांनी सुचवले, तेव्हा मी पारपत्राचा, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला आपण पासपोर्ट म्हणतो त्याचा, प्रश्न निवडला. त्यातही विषय मर्यादित ठेवला आहे. एखादा नागरिक परदेशात असतो, त्याच्या पारपत्राची मुदत संपते, तो आपल्या देशाच्या वकिलातीत नूतनीकरणासाठी अर्ज करतो आणि त्याचेच सरकार त्याला नकार देते. हा नकार म्हणजे नेमके काय, तो देण्याचा अधिकार सरकारला कोठून मिळतो आणि त्याविरुद्ध दाद कशी मागता येते, एवढ्याचाच आज विचार करू.

तुमच्यापैकी काहींच्या मनात शंका येईल, की ज्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे विमानाने फिरणाऱ्यांचे गाऱ्हाणे कशाला? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मी पुढे देणार आहे. तूर्त एवढेच म्हणतो, की राज्यसत्ता नागरिकाला हक्कदार समजते की आश्रित समजते, हे ओळखण्याच्या ज्या खुणा आहेत त्यांत पारपत्र ही एक अत्यंत स्वच्छ खूण आहे.

पारपत्र देशात नाकारले तर माणूस देशाबाहेर जाऊ शकत नाही. तो अन्याय खराच. परंतु तो माणूस आपल्या घरात, आपल्या माणसांत असतो, गावातल्या वकिलाकडे जाऊ शकतो, सभा घेऊ शकतो. परदेशात नूतनीकरण नाकारले तर गोष्ट निराळी होते. ज्या देशात तो राहतो तेथील वास्तव्याचा परवाना वैध पारपत्राच्या आधारावर दिलेला असतो. पारपत्राची मुदत संपली की परवाना डळमळतो, परवाना डळमळला की नोकरी डळमळते. तिसऱ्या देशात जाता येत नाही. विवाहाची नोंद, मुलाच्या जन्माची नोंद, बँकेचा व्यवहार, जेथे जेथे ओळख पटवावी लागते तेथे तेथे अडवणूक सुरू होते. आणि मायदेशी परतायचे तर त्यालाही कागद लागतोच.

एखाद्याला हद्दपार करायचे तर सरकारला कायदा लागतो, हुकूम लागतो, त्या हुकमावर कोणाची तरी सही लागते आणि त्या सहीला न्यायालयात आव्हान देता येते. नूतनीकरण नाकारायला यांपैकी काहीच लागत नाही. कारकुनाने शिक्का मारला नाही, अर्ज वरिष्ठांकडे पाठवला आहे असे सांगितले आणि वरिष्ठ गप्प बसले, एवढे पुरते. खटला नाही, आरोपपत्र नाही, शिक्षेची मुदत नाही. तरीही माणूस हद्दपार होतो. म्हणून विरोधकांना गप्प करू पाहणाऱ्या राजवटींना हे हत्यार फार सोयीचे वाटत आले आहे.

याचे एक ठळक उदाहरण दक्षिण अमेरिकेतील उरुग्वेचे आहे. अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन मोठ्या देशांच्या मध्ये वसलेला, सुमारे तीस लाख वस्तीचा हा देश. आठ तासांच्या कामाच्या दिवसाचा कायदा तेथे १९१५ मध्ये झाला होता. शिक्षण, निवृत्तिवेतन, बहुपक्षीय लोकशाही यांमुळे त्याला अमेरिका खंडाचे स्वित्झर्लंड म्हणत. या देशात २७ जून १९७३ रोजी अध्यक्ष बोर्दाबेरी यांनी लष्कराच्या साथीने संसद बरखास्त केली. कामगारांनी त्याच दिवसापासून सार्वत्रिक संप पुकारला आणि तो दोन आठवडे चालवला. संप मोडला गेला, कामगार महासंघ बेकायदा ठरला, डाव्या पक्षांवर बंदी आली. कार्लोस किहानो यांनी १९३९ मध्ये काढलेले आणि लॅटिन अमेरिकेतील डाव्या विचारवंतांचे व्यासपीठ बनलेले ‘मार्चा’ हे साप्ताहिक १९७४ मध्ये बंद पाडण्यात आले. हजारो माणसे तुरुंगात गेली, हजारोंनी देश सोडला. खुद्द किहानो मेक्सिकोत गेले आणि तेथेच १९८४ मध्ये वारले.

देश सोडून गेलेल्यांचा आवाज बाहेरून येत राहिला. तो बंद करायला लष्करी राजवटीने पारपत्राचा उपयोग केला. ‘मार्चा’त काम केलेल्या एका स्त्री-पत्रकाराचे प्रकरण संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेले आणि म्हणून त्याचा तपशील आज आपल्याला उपलब्ध आहे. तिचे पारपत्र १९७१ मध्ये दिलेले होते. त्याची मुदत दहा वर्षांची. मात्र पाच वर्षांनंतर ते सरकारकडून पुन्हा वैध करून घ्यावे, अशी अट होती. १९७५ ते १९७७ या काळात तिने फ्रान्स, मेक्सिको आणि स्वीडन या तीन देशांतील उरुग्वेच्या प्रतिनिधींकडे त्यासाठी अर्ज केले. तिन्ही ठिकाणी नकार मिळाला, कारण दिले गेले नाही. १९७८ मध्ये मेक्सिकोत तिने नव्या पारपत्रासाठी पुन्हा अर्ज केला. गृहखात्याची संमती नाही, असे उत्तर आले. पुढे तिला एक वेगळाच कागद देऊ करण्यात आला. त्या कागदावर तिला उरुग्वेत प्रवेश करता आला असता. उरुग्वेतून पुन्हा बाहेर पडता आले नसते. ज्या देशात आपले सहकारी तुरुंगात आहेत तेथे एकतर्फी प्रवेशाचा हा परवाना तिने नाकारला.

आता नियतीचा खेळ पाहा. लोकशाही शाबूत असताना, १९७० मध्ये, उरुग्वेने नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराला आणि व्यक्तीला थेट तक्रार करण्याची मुभा देणाऱ्या पूरक मसुद्यालाही मान्यता दिली होती. हा करार २३ मार्च १९७६ रोजी अंमलात आला तेव्हा उरुग्वेत लष्कराचे राज्य होते. पण सही देशाची होती आणि ती लष्कराला बांधून होती. त्या आधारावर या पत्रकाराने तक्रार केली. तिच्यासारख्याच इतरांनीही केल्या. मोंतेविदेओच्या विद्यापीठाचे माजी कुलगुरू, अर्थशास्त्रज्ञ सामुएल लिख्तेन्श्टाइन हे त्यांपैकी एक. तेही मेक्सिकोत होते आणि त्यांचेही नूतनीकरण नाकारले गेले होते.

कायद्याचा एक पेच तेथे होता आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक राष्ट्राने आपल्या भूमीवरील व आपल्या अधिकारकक्षेतील व्यक्तींना हे हक्क द्यावेत, असे कराराचे शब्द आहेत. तक्रारदार तर उरुग्वेच्या भूमीवर नव्हती. मग उरुग्वे तिला कसे बांधील? समितीने १९८२ मध्ये दिलेल्या निर्णयात याचे सरळ उत्तर दिले. उरुग्वेच्या नागरिकाला पारपत्र देणे वा न देणे ही उरुग्वेच्या अधिकारकक्षेतील बाब आहे; तेव्हा त्या बाबीपुरता तो नागरिक जगात कोठेही असला तरी आपल्या सरकारच्या कक्षेतच असतो. कोणताही देश, स्वतःचा देशसुद्धा, सोडण्याचा हक्क कराराच्या बाराव्या कलमाने दिला आहे. पारपत्र हे तो हक्क बजावण्याचे साधन आहे. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या नागरिकाच्या बाबतीत हे कलम जसे वास्तव्याच्या देशाला बांधते तसेच नागरिकत्वाच्या देशालाही बांधते. हा हक्क अनिर्बंध नाही, हेही समितीने सांगितले. राष्ट्रीय सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी कायद्याने निर्बंध घालता येतात. परंतु ते कारण सांगावे लागते, ते समर्थनीय असावे लागते. उरुग्वे सरकारने कसलेही समर्थन पुढे ठेवले नव्हते. समितीने त्या सरकारला कराराच्या भंगाबद्दल दोषी धरले. १९८३ मध्ये लिख्तेन्श्टाइन यांच्या आणि आणखी काही प्रकरणांतही असाच निर्णय झाला.

समितीजवळ पोलीस नव्हते, फौज नव्हती. तिच्या निर्णयाने लष्करशहा घाबरले असे मी म्हणणार नाही. त्यांना घालवले ते उरुग्वेच्या जनतेने. ३० नोव्हेंबर १९८० च्या सार्वमतात लष्कराची राज्यघटना तिने फेटाळली आणि १ मार्च १९८५ रोजी निवडून आलेले नागरी सरकार परत आणले. परंतु या निर्णयांनी एक तत्त्व कायमचे नोंदवून ठेवले. देशाबाहेर पाऊल टाकले म्हणून नागरिक आपल्या सरकारच्या मर्जीवर जगणारा भिकारी होत नाही.

ज्या मेक्सिकोने या निर्वासितांना आसरा दिला, त्याच मेक्सिकोत महाराष्ट्राच्या एका पुत्रानेही आपल्या हद्दपारीची वर्षे काढली होती. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीतून क्रांतिकार्यात शिरले आणि इंग्रज सरकारच्या रोषामुळे अनेक दशके मायदेशाला मुकले. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात त्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केले आणि तेथील गरीब शेतकऱ्यांचे ते गुरू झाले. तेव्हा परदेशात अडकवून ठेवण्याचे हे हत्यार आपल्याला अपरिचित नाही. परकीय राज्यकर्त्यांनी ते आपल्यावर चालवले होते. प्रश्न असा आहे, की स्वकीयांनी त्याचे काय केले?

या प्रश्नाकडे येण्यापूर्वी एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. हे प्रकार फक्त लष्करशाहीत होतात, असे मानण्याचे कारण नाही. निवडणुका घेणाऱ्या, स्वतंत्र न्यायालये असलेल्या अमेरिकेनेही हेच केले आणि तेही आपल्या एका थोर पुत्राच्या बाबतीत. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्याचे आद्य विचारवंत. डॉ. आंबेडकरांचा आणि त्यांचा १९४६ मध्ये पत्रव्यवहार झाला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे करण्यात आलेल्या अर्जाची प्रत बाबासाहेबांनी त्यांच्याकडे मागितली होती. अस्पृश्यांनाही तसा अर्ज करता येईल का, हा विचार त्यामागे होता.

शांतता चळवळीत भाग घेतल्याबद्दल १९५१ मध्ये ड्यू बॉइस यांच्यावर परकीय हस्तक म्हणून खटला भरण्यात आला. वय त्र्याऐंशी. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. न्यायालयात जे जमले नाही ते सरकारने पारपत्र कचेरीत साधले. १९५२ पासून त्यांना पारपत्र नाकारण्यात आले. पॅरिसला १९५६ मध्ये कृष्णवर्णीय लेखकांची परिषद भरली, तेथे ते जाऊ शकले नाहीत. ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला. आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचे स्वप्न ज्याने आयुष्यभर पाहिले, त्याला तो सोहळा दुरूनच ऐकावा लागला. १९५८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंट विरुद्ध डलेस या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला, की प्रवासाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच भाग आहे आणि नागरिकाची मते वा त्याचे संबंध पाहून पारपत्र नाकारण्याचा अधिकार संसदेने परराष्ट्रमंत्र्याला दिलेला नाही. तेव्हा कोठे ड्यू बॉइस यांना पारपत्र मिळाले.

पण १९५० चा मॅककॅरन कायदा शिल्लक होता. अध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला असता तो डावलून संसदेने तो संमत केला होता. नोंदणीचा हुकूम झालेल्या कम्युनिस्ट संघटनेच्या सभासदाने पारपत्रासाठी किंवा त्याच्या नूतनीकरणासाठी नुसता अर्ज करणे हाच त्याने गुन्हा ठरवला होता. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कम्युनिस्ट पक्षाच्या नोंदणीचा हुकूम उचलून धरला आणि हे कलम जिवंत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ड्यू बॉइस यांनी त्या पक्षाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला आणि एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून आफ्रिकेचा ज्ञानकोश संपादित करण्यासाठी ते अक्राला गेले. १९६३ च्या आरंभी पारपत्राची मुदत संपत आली, तेव्हा अमेरिकेने नूतनीकरण नाकारले. पंचाण्णव वर्षांच्या या माणसाने मग घानाचे नागरिकत्व स्वीकारले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा तो विराट मोर्चा निघाला आणि त्या सभेत त्यांच्या मृत्यूची वार्ता सांगण्यात आली. जून १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. दहा महिने उशीर झाला होता.

आपण लोकशाही समाजवादी आहोत. ड्यू बॉइस यांनी स्टालिनविषयी १९५३ मध्ये जे गौरवपर लिहिले ते आपल्याला मुळीच मान्य होणारे नाही. म्हणूनच हे उदाहरण मी मुद्दाम घेतले. आपल्या मताच्या माणसाचे पारपत्र अडवले की आपण चवताळून उठतो, यात विशेष काही नाही. ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याचा कागद अडवला गेला तर आपण काय करतो, तेथे आपली परीक्षा असते.

या परीक्षेत आपल्या देशाचा इतिहास काय सांगतो? स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षे भारतात पारपत्र देण्याविषयी कायदाच नव्हता. ते देणे न देणे ही सरकारची मेहेरबानी मानली जात असे. एका व्यापाऱ्याची पारपत्रे सरकारने परत मागितली, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १० एप्रिल १९६७ रोजी, सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशी, न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की परदेशप्रवासाचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येत नाही. त्यानंतरच त्या वर्षीचा पारपत्र कायदा आला.

कायदा आला हे चांगले झाले. परंतु त्यात मोठ्या फटी राहिल्या. अर्जदाराच्या परदेशातील वास्तव्याने दुसऱ्या राष्ट्राशी असलेल्या मैत्रीला बाधा येईल, पारपत्र देणे लोकहिताचे नाही, असे केंद्र सरकारचे मत झाले तरी नकार देता येतो. दिलेले पारपत्रही सर्वसाधारण लोकहिताच्या नावाखाली अडकवून ठेवता येते. कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, असे कायदा म्हणतो आणि लगेच पुढे म्हणतो, की लोकहिताच्या दृष्टीने ती नागरिकाला न सांगणे योग्य वाटले तर सांगू नयेत. खालच्या अधिकाऱ्याच्या हुकमावर अपील आहे. खुद्द केंद्र सरकारने हुकूम काढला तर अपील नाही. म्हणजे अन्याय जितका वरून येईल तितका तो सुरक्षित.

आणीबाणीत परदेशस्थ भारतीयांनी तेथे निदर्शने केली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध पारपत्राचे हत्यार बाहेर काढण्यात आले. ती राजवट लोकांनी मार्च १९७७ मध्ये उलथवली. आणि जुलै १९७७ मध्ये, ज्या सरकारात समाजवादी चळवळीतील आपली माणसे मंत्री होती त्याच जनता सरकारने, श्रीमती मनेका गांधी यांचे पारपत्र अडकवून ठेवले आणि लोकहितास्तव कारणे सांगता येत नाहीत असे कळवले. ज्या घराण्याच्या सत्तेने देशावर आणीबाणी लादली त्याच घराण्यातील व्यक्तीच्या याचिकेवर २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने निर्णय दिला. हक्क हिरावणारी पद्धत नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, योग्य आणि वाजवी असली पाहिजे. ज्याच्याविरुद्ध हुकूम काढायचा त्याला बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. न्यायमूर्ती भगवती यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. भाषणस्वातंत्र्य भारताच्या सीमेपाशी संपत नाही. नागरिक ते सीमेबाहेरही बाळगतो. मानवी हक्क समितीने उरुग्वेला चार वर्षांनी जे सांगितले त्याचे बीज या विचारात आहे. मात्र न्यायालयाने कायद्याची ती कलमे रद्द केली नाहीत, तो हुकूमही तेथल्या तेथे मोडीत काढला नाही. सरकारने पुनर्विचाराची हमी दिली आणि त्यावर प्रकरण मिटले. तत्त्व जिंकले, कलमे राहिली. ती आजही आहेत.

फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पारपत्र नाकारता येते, हे त्यांतलेच एक कलम. आपल्यासारख्या चळवळीच्या माणसाला ते फार जवळचे आहे. रास्ता रोको केला, जमावबंदी मोडली की खटला होतो आणि तो दहा दहा वर्षे चालतो. १९९३ च्या एका अधिसूचनेने न्यायालयाच्या परवानगीने पारपत्र मिळण्याची वाट ठेवली आहे. पण न्यायालयाने मुदत सांगितली नसेल तर ते एका वर्षाचेच मिळते. परदेशात शिकणाऱ्या वा काम करणाऱ्या माणसाला दर वर्षी या चक्रातून जावे लागले तर त्याच्या तोंडाला आपोआपच कुलूप लागते.

ज्यांनी परकीय नागरिकत्व घेतले त्यांच्या बाबतीत हेच तंत्र दुसऱ्या कागदावर चालते. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्याऐवजी परदेशस्थ भारतीय नागरिक या नावाचे ओळखपत्र मिळते. नाव नागरिकाचे असले तरी ते सरकारला रद्द करता येते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे प्राध्यापक अशोक स्वाईं यांचे ओळखपत्र २०२२ मध्ये रद्द झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो हुकूम रद्दबातल केला, कारण त्यात कारणेच दिलेली नव्हती. पारपत्र आणि हे ओळखपत्र कायद्याने एक नव्हेत, हे खरे. पण मौनाने शिक्षा देण्याची वृत्ती तीच आहे.

आता सुरुवातीच्या शंकेकडे येतो. हा विमानाने फिरणाऱ्यांचा प्रश्न आहे काय? रत्नागिरी आणि रायगडच्या गावांत जा. घरोघरचे तरुण आखाती देशांत गवंडी, चालक, स्वयंपाकी, फिटर म्हणून गेलेले दिसतील. विमानात तेही बसतात. पण कर्ज काढून. तेथे पोहोचताच अनेकांचे पारपत्र मालक काढून घेतो आणि आपल्या कपाटात ठेवतो. आपल्या पारपत्र कायद्याचे सतरावे कलम म्हणते, की ही पुस्तिका सदैव केंद्र सरकारच्या मालकीची राहील. मग ती परक्या मालकाच्या कपाटात कोणत्या अधिकाराने राहते? वेतन थकले म्हणून कामगार तेथून निघून गेला, की त्याच्याजवळ कागद नसतो. कपाटातल्या कपाटात मुदत संपते, वास्तव्य बेकायदा ठरते, दंड वाढत जातो. वकिलातीत गेला तर त्याला परतीचा एकतर्फी दाखला मिळतो. तो उपकारक खरा, पण त्यावर दुसरीकडे काम शोधायला जाता येत नाही. उरुग्वेच्या पत्रकाराला राजकीय सूडापोटी जे भोगावे लागले ते आपल्या मजुराला मालकाच्या नफ्यापोटी आणि सरकारी अनास्थेपोटी भोगावे लागते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने पारपत्रांतही दोन वर्ग पाडले. सर्वसाधारणपणे दहावी न झालेल्याला ठरावीक देशांत कामासाठी जाण्यापूर्वी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. संरक्षण हा हेतू सांगितला जातो. परंतु संरक्षण हवे असते ते निघताना तर असतेच, अधिक हवे असते ते तेथे अडकल्यावर.

तेव्हा आपली मागणी काय असावी? पहिली, नूतनीकरणाच्या अर्जाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळाले पाहिजे आणि नकार असेल तर कारण दिलेच पाहिजे. लोकहितास्तव कारण सांगत नाही, ही पळवाट बंद झाली पाहिजे. दुसरी, केंद्र सरकारच्या हुकमावरही स्वतंत्र न्यायिक मंडळाकडे अपील करता आले पाहिजे आणि ते परदेशातून, वकिलातीमार्फत दाखल करण्याची सोय हवी. तिसरी, वाद चालू असेपर्यंत नागरिकाला कागदावाचून ठेवू नये. वास्तव्य आणि नोकरी टिकेल असे तात्पुरते पारपत्र त्याच्या हाती असावे. चौथी, मालकाने अडकवलेल्या पारपत्राची तक्रार आली की वकिलातीने नवे पारपत्र विनाविलंब द्यावे. आणि पाचवी, व्यक्तीला तक्रारीची मुभा देणाऱ्या पूरक मसुद्यावर भारताने सही करावी. मूळ करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला. पूरक मसुदा स्वीकारलेला नाही. त्यामुळे लष्करी राजवटीतील उरुग्वेच्या नागरिकाला जे दार उघडे होते ते भारतीय नागरिकाला बंद आहे. जगातील सर्वांत मोठी लोकशाही म्हणवणाऱ्या देशाला हे शोभणारे नाही.

यावर एक आक्षेप येतो. देशाविरुद्ध शस्त्रे जमवणाऱ्याला, बँका बुडवून पळालेल्याला सरकारने पारपत्र देत राहावे काय? मुळीच नाही. ज्याच्यावर असा आरोप आहे त्याच्यावर खटला भरावा, पुरावा मांडावा, न्यायालयाच्या हुकमाने त्याचे पारपत्र रद्द करावे. आमचे म्हणणे इतकेच, की पुरावा आणि सुनावणी यांची जागा मौनाने घेऊ नये. करोडो रुपये घेऊन पळणारा पारपत्रावाचून अडत नाही, तो दुसऱ्या देशाचे नागरिकत्व विकत घेतो. अडतो तो प्राध्यापक, पत्रकार, विद्यार्थी आणि मजूर.

पुस्तिका सरकारच्या मालकीची आहे, हे कायद्याचे म्हणणे आपण मान्य करू. पण रस्ताही सरकारच्या मालकीचा असतो, म्हणून सरकारवर टीका करणाऱ्याला त्यावरून चालण्याची बंदी करता येत नाही. पुस्तिकेत ज्या हक्काची नोंद असते तो हक्क नागरिकाचा आहे. सत्ता कोणाचीही असो, आपल्या विरोधकांची वा आपल्या मित्रांची, हे आपण तिला सांगत राहिले पाहिजे. गावोगावच्या आपल्या कार्यालयांत रेशनकार्डाची, सातबाराची तक्रार घेऊन माणसे येतात. यापुढे आखातातून फोन आलेल्या मुलाची आई पारपत्राची तक्रार घेऊन आली तर तो वकिलांचा विषय म्हणून तिला परत पाठवू नका. अर्ज लिहून द्या, त्याची पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा. हक्काची लढाई तेथूनच सुरू होते.